डोक्यावर पडणारं छत आणि आपला अंगठा

पेन्सिलटोक

बऱ्याच वर्षांनी परवा 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' हा जुना व्हिडिओ गेम लावला. एका किल्ल्यात छताला चिकटून बसलेला तो दगडी, दात विचकणारा ठोकळा दिसला. थ्वॉम्प. अगदी लांबूनच दिसला, आणि तो काय करतो हे मला लहानपणापासून पाठ आहे. तरी त्याच्या खालून जाताना तो सुटला आणि मी काय केलं? उडी मारली. थेट त्याच्या दातांत. मोठा मारिओ छोटा झाला. पुढच्या ठोकळ्याखाली परत तेच, आणि छोटाही गेला.

तिसऱ्या वेळी मुद्दाम स्वतःच्या अंगठ्याकडे लक्ष ठेवून खेळले. ठोकळा सुटला त्याच क्षणी अंगठा उडीच्या बटणावर दाबला गेलेला. थांबायचं, मागे सरकायचं, हे सगळं डोक्यात होतं. अंगठ्याला कुणी कळवलंच नव्हतं!

मग विचार करत बसले. हे सगळे गेम आपल्याला पहिल्या मिनिटापासून एकच धडा देतात: काही सुचेना तर उडी मार. खड्डा आला, उडी. शत्रू आला, उडी. वर प्रश्नचिन्हाचा डबा दिसला, तरी उडीच. हा धडा हजार वेळा घोकून घेतल्यावर छताकडून काहीतरी पाठवायचं, जिथे उडी म्हणजे संकटाला आपणहून भेटायला जाणं. त्यातून त्या जुन्या कंट्रोलरवर पळायचं बटण अंगठ्याच्या टोकाखाली आणि उडीचं त्याच अंगठ्याच्या मधल्या भागाखाली. पळताना अंगठा उडीवर अर्धा आडवा पडलेलाच असतो. दचकलं की नुसता थोडा जोर पडतो आणि झालं.

माझं म्हणणं असं की छताचे धोके आपल्याला मारतात ते वेगामुळे नाही, या लागलेल्या सवयीमुळे. ठोकळा पडतो तो, काटेरी छत अख्खं खाली येतं ते, वटवाघूळ लटकून वाट बघतं ते, सगळ्यांची गोम एकच. तुम्हाला काय वाटतं? की माझेच हात म्हातारे झालेत?

उंदीरमामा

रुमाल टाकून ठेवतो. हात म्हातारे झालेत हे मात्र खरं. (हलके घ्या.)

जुनाखिळा

धागा आवडला. पण मारिओच्या आधी मला आठवतो तो 'सॉनिक'मधला मार्बल झोन. १९९१चा पहिला सॉनिक. पहिल्या झोनमध्ये हिरवळीवरून सुसाट पळायला लावतात, तुम्ही खूश. आणि दुसऱ्याच झोनमध्ये लाव्हा, ढकलायचे दगड आणि छताला साखळ्यांनी टांगलेली, खाली खिळे ठोकलेली भलीमोठी वजनं. धाडकन खाली येतात आणि मग साखळी ओढल्यासारखी कूर्मगतीने वर जातात. पृथ्वीतलावरचा सगळ्यात वेगवान प्राणी त्या वजनाखाली रांगेत उभं राहिल्यासारखा थांबतो.

तुमच्या मुद्द्यात एक भर घालतो. सॉनिकमध्ये गोळा केलेली एक सोनेरी रिंग जरी जवळ असली तरी धक्का लागल्यावर जीव वाचतो. रिंगा उधळतात, आपण परत उभे. पण वरून येणारी वस्तू आणि जमीन यांच्यामध्ये सापडलात तर खिशात एक रिंग असो नाहीतर नव्व्याण्णव, खेळ खलास. म्हणजे त्या गेमचा सगळा विमाच छताखाली लागू होत नाही. लहानपणी मला हे फसवणूक वाटायचं. रिंगा आहेत ना? मग मेलो कसा?

आणि जखमेवर मीठ म्हणजे काटे. एकदा लागलं की सॉनिक काही क्षण लुकलुकतो, तेवढ्यात दुसरं काही लागू नये असा एकूण नियम. मूळ पहिल्या सॉनिकमध्ये काटे हा नियम पाळायचेच नाहीत. लागून उडालात आणि परत काट्यांवरच पडलात की गेलात.

सातवीओळ

असहमत, आणि जोरात असहमत :)

'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळला असेल तर तुमचा सिद्धांत पहिल्याच तळघरात कोसळतो. १९८९, जॉर्डन मेकनर, मूळ ॲपल टू संगणकावरचा. तिथे छताचा धोका म्हणजे सैल फरशी. वरच्या मजल्यावरची फरशी हीच खालच्या मजल्याचं छत, इतकी साधी गोष्ट आहे, पण मारिओच्या छताला ती लागू नाही. थ्वॉम्प कुठल्या मजल्यावर राहतो? कुठल्याच नाही. तो तिथे फक्त तुमच्यासाठी बसवलाय.

राजपुत्र मात्र छताखाली उभा राहून सरळ वर उडी मारतो, हाताने फरशी ठोकतो. पक्की असेल तर काही होत नाही. सैल असेल तर ती थरथरते, मग निसटून खाली येते आणि फुटते. तोपर्यंत बाजूला सरकला नाहीत तर जीव दाखवणाऱ्या तीन त्रिकोणांतला एक गेला. पण सरकलात तर? वर भोक पडलेलं असतं आणि तीच तुमची वरची वाट. म्हणजे इथे उडी हीच चौकशी. दारावर टकटक केल्यासारखी.

शिवाय ती फरशी वरच्या स्क्रीनवरून सुटून खालच्या स्क्रीनमध्ये येऊ शकते. एका स्क्रीनवर आपण चूक करायची आणि तिचा आवाज दुसऱ्या स्क्रीनवर ऐकायचा, हे मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं. साठ मिनिटांचं घड्याळ चालू, मागे पळत असताना डोक्यावर ते खडखडणं... अजून अंगावर काटा येतो.

पेन्सिलटोक

@सातवीओळ, टकटक ही उपमा भारी. पण तिथे उडी आपण ठरवून मारतो, दचकून नाही ना? प्रिन्स इतका जड आहे की दचकून काही करताच येत नाही. बटण दाबल्यावर तो आधी पाय सावरणार, मग उडणार. मेकनरने स्वतःच्या भावाचं पळणं-उड्या चित्रित करून त्यावरून हालचाली काढल्यात. खरा माणूस दचकून तीन मजले उडत नाही, त्यामुळे राजपुत्रही उडत नाही. माझा सिद्धांत हलक्या पायाच्या गेमपुरता धरा.

@जुनाखिळा, विमा! अगदी अगदी.

तळटीप

फावल्या वेळात छोटे गेम बनवतो, त्यामुळे थोडं पलीकडच्या बाजूने.

पडणारा ठोकळा लिहायला घेतला की चार अवस्था असतात: वाट बघणं, पडणं, खाली टेकून थांबणं, वर जाणं. नवशिक्याला वाटतं पडणं महत्त्वाचं. ते सगळ्यात सोपं आहे, दोन ओळी. सगळा खेळ चौथ्या अवस्थेत आहे. ठोकळा हळू वर जातो तेव्हाच खालून निसटायची वेळ ठरते. वर जाण्याचा वेग वाढवला की धोका अवघड होत नाही, उलट सोपा होतो, कारण खालची जागा लवकर मोकळी होते. पण वेग फार कमी केला तर खेळणारा कंटाळतो आणि घाईत मरतो. मार्बल झोनच्या त्या साखळ्या म्हणजे खेळणाऱ्याच्या संयमाची परीक्षा आहे, आणि ती सॉनिकमध्ये घेणं हा दुष्टपणा आहे, याबाबत जुनाखिळा यांना पूर्ण पाठिंबा.

आता दचकण्याचं. डोळ्याला काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सेकंदाला पडद्यावर साठ चित्रं, म्हणजे फ्रेम, धरल्या तर पंधरा फ्रेम. म्हणजे ठोकळा सुटल्यावर पहिल्या पंधरा फ्रेममध्ये तुम्ही काहीच करू शकत नाही, नुसते बघता. म्हणून चांगला बनवणारा सुटण्याच्या आधी काहीतरी देतो. 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये जवळ गेलं की थ्वॉम्पचा चेहरा बदलतो. वळून बघतो, मग खवळतो. प्रिन्समधली फरशी थरथरते. तो इशारा खरं तर पंधरा फ्रेमची उधारी आहे.

पेन्सिलटोक, तुम्हाला तो इशारा मिळाला होता, कारण ठोकळा आधीपासून दिसतच होता. म्हणजे तुमचा अंगठाच दोषी :)

अवांतर: चिरडणं लिहायला सगळ्यात कटकटीचं. भिंतीत घुसलेल्याला बाहेर ढकलायचं, एवढा एकच नियम मी पहिल्या गेममध्ये लिहिला होता. छत खाली आलं. त्याने हिरोला खाली ढकललं, जमिनीने वर ढकललं, परत छताने खाली... आणि शेवटी बिचारा मोकळी जागा शोधत शोधत भिंतीपलीकडच्या खोलीत प्रकट झाला. तिथे खजिना होता. माझ्या मित्राने तो गेम तसाच जिंकला आणि वर मला म्हणाला, गुप्त वाट छान ठेवलीयेस.

बरोबर नियम असा की ढकलल्यावर मावायला जागाच नसेल तर मेला म्हणून जाहीर करायचं. 'सेलेस्ट'मध्ये (२०१८) त्याआधी एक दया दाखवलीय. चिरडलं जाण्याआधी गेम आजूबाजूला काही पिक्सेलच्या अंतरात रिकामी जागा सापडते का ते चाचपून बघतो. सापडली तर तुम्हाला गुपचूप तिथे सरकवतो. तुम्हाला वाटतं, काय वाचलो! वाचला नाहीत, वाचवलेत.

उंदीरमामा

"वाचला नाहीत, वाचवलेत." दंडवत घ्या.

गच्च_ढग

तळटीप यांच्या प्रतिसादाला यंत्राच्या बाजूची पुरवणी.

जुन्या निन्टेन्डोवर, म्हणजे एनईएसवर, मागचं चित्र एकाच थराचं. हलणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट स्प्राइटची (म्हणजे मागच्या चित्रावर सुट्या हलणाऱ्या छोट्या चित्रांची), आणि एका आडव्या रेषेवर जास्तीत जास्त आठ स्प्राइट. नववा आला की तो त्या रेषेवर दिसतच नाही. मारिओ ३ मधला थ्वॉम्प २४ पिक्सेल रुंद, म्हणजे आठ-आठ पिक्सेलचे तीन स्प्राइट शेजारी शेजारी. मारिओ १६ पिक्सेल, म्हणजे दोन. दोन थ्वॉम्प आणि एक मारिओ एका उंचीवर आले की तीन, तीन आणि दोन: आठ. कोटा संपला. आता तिथे तिसरा थ्वॉम्प सोडा, साधं कासव जरी आलं तरी काहीतरी लुकलुकायला लागणार. ठोकळे एकेकटे का येतात याचं निम्मं उत्तर खेळाच्या रचनेत असेल, निम्मं या आकड्यात आहे असं माझं मत.

सुपर निन्टेन्डोवर मागचे थर वाढले आणि मारिओ वर्ल्डने दुसऱ्या थराचा उपयोग अख्खं छत खाली आणायला केला. तिथे स्प्राइट मोजायची गरजच नाही, खोलीचीच पाठ वाकते.

जाता जाता: थ्वॉम्पचं जपानी नाव दोस्सुन. जड वस्तू पडल्याचा आवाज. आपल्या भाषेत बारसं झालं असतं तर पठ्ठ्याचं नाव धप्पकन असतं.

जुनाखिळा

धप्पकन :D यापुढे तेच नाव.

सातवीओळ

धप्पकनराव म्हणा. वय झालंय त्यांचं.

कोरापाटा

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मेगा मॅन कुणी काढला कसा नाही? 'मेगा मॅन २'मध्ये मेटल मॅनच्या लेव्हलला छतातून साखळीवर दाबयंत्रं येतात, शिवाय जमीन म्हणजे सरकता पट्टा. तो पट्टा आपल्याला यंत्राखाली नेत असतो. तिथे नुसतं "थांब" हेही उत्तर नाही, थांबायचं तर उलट्या दिशेने चालत राहावं लागतं.

पण मला सांगायचंय ते 'मेगा मॅन ३'चं (१९९०). त्यात पहिल्यांदा घसरणं आलं. बुटक्या छताखालून, जमिनीलगत सुर्रकन. आणि त्याची बटणं कोणती? खाली आणि उडी. दोन्ही एकदम.

पेन्सिलटोक यांचा धागा वाचून हे आता डोक्यात उजेडलं. बनवणाऱ्यांनी तुमचा तो दचकणारा अंगठा ओळखला होता की काय! दचकून तू उडीच दाबणार ना? दाब. फक्त दुसऱ्या अंगठ्याने खाली धर, म्हणजे तीच उडी जमिनीलगत आडवी होईल.

पेन्सिलटोक

कोरापाटा, पहिलाच प्रतिसाद आणि षटकार! मेगा मॅन ३ मी इतका खेळलाय आणि हे कधी असं दिसलं नव्हतं. लिहीत राहा हो.

तळटीप

+१. हेतू तोच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दोनच बटणं असलेल्या कंट्रोलरवर नवीन चाल बसवायला जागा तरी कुठे होती! एक गोळीचं, एक उडीचं. पण परिणाम तुम्ही म्हणता तोच होतो, यात वाद नाही.

गच्च_ढग

'कॅसलव्हेनिया' (१९८६) याच्या अगदी उलट टोकाला. तिथेही खिळे असलेली दाबयंत्रं आहेत. पण नायक सायमनने एकदा उडी घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही. तिथे चुकीची उडी म्हणजे सही केलेला कागद. जमिनीवर येईपर्यंत नुसतं बघत बसायचं.

उंदीरमामा

गंभीर चर्चेत विघ्न आणतो. २००७चा 'आय वॉना बी द गाय' आठवतोय का? झाडाखालून गेलं की सफरचंद डोक्यावर पडतं. ठीक, शिकलो. पुढच्या झाडाखाली थांबलो, सफरचंद पडलं, मी हुशार. मग झाडाच्या वरून उडी मारली तर सफरचंद वर पडलं. वर! न्यूटनला घरी बसवलं.

आणि खरं सांगू, त्या सफरचंदाने मला जितकं हसवलं तितकं कुठल्या धप्पकनने नाही.

सातवीओळ

मला ते आवडत नाही. एकदा हसू येतं, मग नुसतं पाठांतर उरतं. इशारा नाही, काही नाही, मरा आणि लक्षात ठेवा. १९८९चा 'रिक डेंजरस' याच जातीचा होता आणि तेव्हाही मी वैतागून बंद केला होता.

'लिम्बो'ने (२०१०) हाच चावटपणा जास्त सभ्यपणे केलाय. दोन दाबयंत्रं पाठोपाठ. पहिल्यात उंचवट्यावर पाय पडला की वरून आपटतं. शिकलात, पुढे गेलात. दुसरं दिसायला तसंच, पण तिथे उंचवटा सुरक्षित आणि आजूबाजूची जमीन घातकी. आधी शिकवून मग त्याच शिकवणीने मारायचं. पेन्सिलटोक यांच्या उडीच्या सवयीचीच ही छोटी आवृत्ती झाली, फक्त दहा सेकंदांत घडवून आणलेली.

उंदीरमामा

म्हणजे सफरचंदाने केलं तर चावटपणा आणि काळ्या-पांढऱ्या रंगात केलं तर कला. बरं बरं.

सातवीओळ

मामा, चावटपणा मी दोन्हीला म्हटलंय, वर वाचा. फरक एवढाच की लिम्बोमधलं दुसरं यंत्र मी न मरता पार करू शकले असते. जमिनीकडे नीट बघितलं असतं तर. वर पडणारं सफरचंद मला कुणी आधी सांगितलं असतं?

उंदीरमामा

हा मुद्दा मान्य. रुमाल उचलतो.

जुनाखिळा

उलट्या छताचा विषय निघालाच आहे तर 'मेगा मॅन ५'मधला ग्रॅव्हिटी मॅन (१९९२) आणि 'व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही' (२०१०) घ्याच. पहिल्यात ठरावीक जागी गुरुत्व फिरतं आणि तुम्ही छतावर चालायला लागता. इतका वेळ डोक्यावर असलेले काटे आता खड्ड्यातले काटे. दुसऱ्यात तर उडीच काढून टाकलीय. बटण दाबलं की तुम्ही छताकडे पडता, परत दाबलं की जमिनीकडे. तिथे दचकलेला अंगठा तुम्हाला थेट वरच्या काट्यांवर नेऊन ठेवतो. पेन्सिलटोकताई, तुम्ही हा खेळू नका.

गच्च_ढग

आणि 'मारिओ ६४'मध्ये (१९९६) धप्पकनच्या डोक्यावर उभं राहून वर जाता येतं. जो ठोकळा मारिओ ३ मध्ये कुठूनही शिवला तरी लागायचा त्याची लिफ्ट झाली. तिसरी मिती आल्यावर त्याला माथा मिळाला. त्याआधी त्याला फक्त तळ होता.

तळटीप

हे वाक्य चोरतो. "त्याआधी त्याला फक्त तळ होता."

पेन्सिलटोक

शेवटचा अहवाल. काल रात्री ठरवून बसले. पळायचं बटण अंगठ्याच्या टोकाने धरलं आणि बाकीचा अंगठा चक्क हवेत उचलून ठेवला, अवघडल्यासारखा. किल्ल्यात शिरले. ठोकळ्याच्या अलीकडे थांबले, एक पाऊल पुढे, सुटला, एक पाऊल मागे. धप्पकन पडला, माझ्या नाकासमोर. वर जायला लागला. गेला, गेला, अजून थोडा... आणि खालून पळाले. दुसरा, तसाच. तिसरा, तसाच. अंगठा गप्प. किल्ला पार, मी विजयी मुद्रेने एकटीच सोफ्यावर.

मग गुहेची एक लेव्हल लागली. तिथे छताला उलटे लटकून चालणारे ते कवचवाले भुंगे असतात, बझी बीटल. एक माझ्यासमोर टपकन पडला आणि कवचात शिरून गरगरत माझ्याच दिशेने आला. मी शहाण्यासारखी थांबले. अंगठा हवेत. छताचं आहे ना, उडी मारायची नाही.

तो येऊन धडकला. तिथे उडीच मारायची होती.

जुनाखिळा

:D :D :D

कोरापाटा

ताई, मेगा मॅन ३ लावा. तिथे अंगठा कुठेही पडला तरी निभावतं.